शेवटच्या बाटलीवर अन्याय

लेबलं झाकून वाईन चाखली की निकाल निष्पक्ष लागतो, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. लेबल झाकता येतं, किंमत लपवता येते. आधीच्या घोटानं तोंडात काय करून ठेवलंय ते कसं झाकणार?

पुण्यात एका मित्राकडे आम्ही काही जणांनी हा खेळ मांडला. सगळ्या रेड वाईन महाराष्ट्रातल्या : नाशिकची शिराझ, दिंडोरीकडची कॅबर्ने, अकलूजची सँजोव्हेझे वगैरे. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं, वर स्केचपेननं अक्षरं. यजमानानं गुपचूप खोडी करून ठेवली होती. पहिली 'क' आणि शेवटची 'च' ही एकच शिराझ होती. 'क' बहुतेकांना आवडली. 'च'च्या नावापुढे मात्र 'खरखरीत', 'जीभ ओढते' असे शेरे पडले. एकानं तर बाटली उन्हात राहिली असणार, असं निदानही करून टाकलं.

गुपित फुटल्यावर सगळ्यांनी 'मनाचे खेळ' म्हणून विषय मिटवला. मन खेळतं हे खरंच. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोमधल्या प्रयोगात पांढऱ्या वाईनला बिनवासाचा लाल रंग दिला, तर वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. पण आमच्या 'क' आणि 'च'चा रंग एकच होता. इथे मुख्य संशयित लाळ.

द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाचे तुरट पदार्थ असतात. रेड वाईन सालींसकट आंबवतात, म्हणून ते तिच्यात भरपूर उतरतात. आपल्या लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लानं भरलेली प्रथिनं असतात. प्रोलिनमुळे साखळी नीट घडी घालून गोळा होत नाही, लांब आणि उघडी राहते. टॅनिनच्या रेणूवर फिनॉलची बरीच वलयं असतात. ती प्रोलिनच्या चपट्या वलयांना जाऊन चिकटतात, शिवाय हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. टॅनिन जितका मोठा, तितक्या जास्त ठिकाणी त्याची पकड. एकच रेणू दोन-तीन प्रथिनांना एकत्र बांधतो, त्यांचे पुंजके होतात आणि ते लाळेतून साक्याप्रमाणे बाहेर पडतात. वाईन तोंडात घोळवून पांढऱ्या बशीत थुंकलीत तर जांभळट तंतू आणि कण दिसतात, ते हेच.

लाळेचं वंगण असं निघून गेलं की जीभ, गाल आणि टाळू एकमेकांवर घासू लागतात. हाच तुरटपणा. आपल्याकडे तुरट हा सहा रसांपैकी एक. आधुनिक शरीरशास्त्र मात्र त्याला मुख्यतः स्पर्शात जमा करतं. कच्ची सुपारी चावल्यावर तोंड आवळतं, त्यामागेही टॅनिनच आहेत.

आता मेख इथे आहे. नवी लाळ येऊन हे वंगण पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि पुढचा घोट त्याआधीच येतो. त्यामुळे तुरटपणा साचत जातो. 'क'ला ताज्या लाळेचं तोंड मिळालं, 'च'ला घासून निघालेलं. नुसत्या पाण्यानं चूळ भरून हे पुरतं भरून निघत नाही. साधा पाव किंवा बिनमिठाचं बिस्किट चावायचं, मध्ये काही मिनिटं जाऊ द्यायची, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाला बाटल्यांचा वेगळा क्रम द्यायचा. म्हणजे शेवटी येण्याचा तोटा सगळ्या बाटल्यांत वाटला जातो.

जाता जाता : याच टॅनिनच्या शेजारी द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल नावाचं रसायन असतं, म्हणून 'रेड वाईन हृदयाला चांगली' हा मेसेज दर थोड्या दिवसांनी फिरतो. लिटरभर वाईनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम, आणि अल्कोहोल बारा-चौदा टक्के! 2022 साली सुपरमार्केटमधल्या विक्रीवरून 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद राज्यात रंगला होता. यकृताला तो पटत नाही. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आवडते म्हणून प्या, औषध म्हणून नको.

आमच्या टेबलावर आणखी एक घोळ होता : चीझची थाळी. दुधातलं केसिन हे प्रथिनही प्रोलिननं भरलेलं, त्यामुळे टॅनिन लाळेऐवजी त्यालाच धरतात. कडक चहा दूध घातल्यावर मवाळ होतो तो असाच. म्हणजे चीझ खाऊन घोट घेणाऱ्याला प्रत्येक वाईन गुळगुळीत लागणार आणि शेजारच्याला तीच खरखरीत. पुढच्या वेळी थाळी गुणपत्रिका गोळा झाल्यावरच येईल, असं यजमानानं जाहीर केलं आहे. त्यावर मात्र एकमत नाही.