शर्मिष्ठेतला तप्त वायू: त्याचं तापमान मोजायचं कसं?

शर्मिष्ठा तारकासमूहात सुमारे 11,000 प्रकाशवर्षांवर 'कॅसिओपिया ए' हा अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याचा, अवशेष आहे. त्या स्फोटाचा प्रकाश साधारण 350 वर्षांपूर्वी पृथ्वीवर पोहोचला असावा. स्फोटाची आघात लाट आजही सेकंदाला जवळपास 5,000 किलोमीटर वेगाने पसरते आहे, आणि तडाख्यात सापडलेला वायू क्ष-किरणांत झळाळतो. त्याचं तापमान किती? घाईने काढलेलं उत्तर इथे हमखास चुकतं.

आघाताची ऊर्जा आधी प्रोटॉन आणि आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) या जड कणांच्या वाट्याला येते. इलेक्ट्रॉन मागे राहतात. क्ष-किरण मात्र इलेक्ट्रॉनांच्या धडकांतून निघतात. म्हणून लाटेच्या वेगावरून काढलेलं तापमान क्ष-किरणांच्या वर्णपटातून (कोणत्या ऊर्जेचे किरण किती, या आलेखातून) मिळणाऱ्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त भरतं.

त्याहून नाजूक भानगड आयनीभवनाची, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन निघून जाण्याची. सिलिकॉनचंच बघा. 14 पैकी 12 इलेक्ट्रॉन गमावलेला सिलिकॉन 1.86 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) रेषा देतो, 13 गमावलेला 2.0 ला. दुसरी रेषा फिकी दिसली की वायू थंड आहे असं वाटतं. पण त्याच वर्णपटाचा अखंड भाग वरच्या ऊर्जेकडे सावकाश उतरत असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन चांगलेच तापलेले असतात. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत. अणूंना सोलून निघायला पुरेसा वेळच मिळालेला नाही. इलेक्ट्रॉनांची घनता दर घन सेंटीमीटरला 10 धरली, तर इलेक्ट्रॉन निघणं आणि परत जोडले जाणं यांचा समतोल साधायला 3,000 वर्षांच्या आसपास लागतात. या अवशेषाचं वय त्याच्या जेमतेम एक-नवमांश. म्हणून वर्णपटाला गणिती प्रारूप बसवताना तापमानाबरोबर 'घनता गुणिले काळ' ही राशीही मोकळी सोडावी, म्हणजे आधी न ठरवता वर्णपटावरूनच काढावी लागते. समतोल गृहीत धरला, तर तापमान तर चुकतंच, मूलद्रव्यांचं प्रमाणही बिघडतं.

उपकरणही फसवतं. 'चंद्रा' या क्ष-किरण अवकाश वेधशाळेचा सीसीडी (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) एरवी 3.2 सेकंदांनी एक चौकट वाचतो. तेवढ्यात सिलिकॉनचे दोन फोटॉन एकाच ठिकाणी पडले, तर त्यांची नोंद 3.72 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक फोटॉन म्हणून होते आणि कॅल्शियमच्या रेषेच्या अलीकडे खोटा उंचवटा उगवतो. अवशेषातल्या वायूच्या तेजस्वी गाठींसाठी चिपचा थोडाच भाग वाचून चौकटीची वेळ कमी करणं, हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

गाठी वेगळ्या दिसायला मुळात नजर तीक्ष्ण हवी. हा अवशेष आकाशात सुमारे 5 कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). 'चंद्रा' अर्ध्या विकलेपर्यंतचे तपशील टिपते. 'अॅस्ट्रोसॅट' या भारतीय उपग्रहावरच्या, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडलेल्या क्ष-किरण दुर्बिणीत बिंदूच सुमारे 2 कलांचा पसरतो. त्यामुळे तिला वर्णपट मिळतो, गाठी नाहीत.

2023 मध्ये सोडलेल्या जपानी 'एक्सरिझम' या क्ष-किरण उपग्रहाचा शोधक निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या 0.05 अंशावर चालतो. सीसीडीला लोहाच्या रेषेजवळ 130 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास भेद कळतो, याला सुमारे 5. मात्र शोधकासमोरची संरक्षक झडप उघडलीच नाही. तिच्या बेरिलियमच्या खिडकीत सुमारे 1.7 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचे बहुतेक किरण अडतात. सिलिकॉनची 1.86 ची रेषा त्यातून थोडक्यात वाचली.