हलकी फ्लाय रॉड आखूडच असावी, हा समज आला कुठून?

दोन किंवा तीन नंबरची, म्हणजे हलका दोर फेकणारी, फ्लाय रॉड (कृत्रिम माशीने मासे पकडायची काठी) घ्यायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे साडेसहा-सात फुटी काठी येते. हलकी म्हणजे आखूड, हे समीकरण इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागचे कारण कोणी विचारत नाही. कारण होते, आणि ते खरेही होते. फक्त ते बांबू आणि फायबरग्लासच्या काळातले होते.

सुरुवातीला ही काठी मुळीच आखूड नव्हती. इंग्रज लेखक चार्ल्स कॉटनने 1676 मध्ये ट्राउट माशांच्या ओढ्यासाठी पाच-सहा यार्डांची, म्हणजे 15 ते 18 फुटांची काठी साधारणपणे पुरते असे लिहिले. तेव्हाचा दोर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असे आणि तो सहसा काठीच्या शेंड्यालाच बांधलेला असे. फ्लाय फिशिंगमध्ये पिसांच्या कृत्रिम माशीला वजन असे नसतेच. ती पुढे जाते ती दोराच्या वजनावर. केसांचा हलका, शेंड्याला जखडलेला दोर फार दूर जाणार नाही, म्हणून उरलेले अंतर काठीनेच गाठावे लागे.

एकोणिसाव्या शतकात रिळाचा वापर वाढला, कड्यांमधून सरकणारा दोर आला आणि पुढे तेल मुरवलेला विणीव रेशमी दोर आला. रेशीम केसांपेक्षा जड, गुळगुळीत आणि हवा चांगली कापणारे. आता पोहोच दोराकडे गेली आणि काठीचे काम दोर फेकण्याचे झाले. त्यातच पाण्यावर तरंगणाऱ्या माशीची पद्धत रुजली. भिजलेली माशी वाळवायला दोर हवेत पुन्हा पुन्हा पुढे-मागे झुलवावा लागतो. ग्रीनहार्टसारख्या जड लाकडाची लांब काठी एका हाताने दिवसभर अशी झुलवणे म्हणजे मनगटाला शिक्षाच.

त्यावर उत्तर मिळाले ते चिरलेल्या बांबूचे. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिप यांनी 1840 च्या दशकात बांबूच्या पट्ट्या चिकटवून काठीचे भाग बनवले. 1870 च्या दशकात मेन राज्यातल्या हायरम लिओनार्ड यांनी सहा त्रिकोणी पट्ट्यांची षटकोनी काठी बाजारात रुजवली आणि पट्ट्या कापायला यंत्र आणले. सुरुवातीचा बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने भारतातून जाई. नंतर चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या टाँकिन बांबूने त्याची जागा घेतली, कारण त्याच्या सालीलगतचा चिवट धाग्यांचा थर जाड असतो. तरीही 9 फुटी बांबूची रॉड 5 औंसांच्या, म्हणजे सुमारे 140 ग्रॅमच्या आसपास भरे.

इथे एक हिशेब लक्षात घ्यायला हवा. सारख्या जाडीची काठी 7 फुटांवरून 9 फुटांवर नेली तर तिचे वजन 29 टक्क्यांनी वाढते, पण मुठीभोवती फिरवताना होणारा विरोध लांबीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे दुपटीहून अधिक वाढतो. काट्यावर किरकोळ वाटणारा फरक हाताला इतका जाणवतो तो यामुळे. शिवाय लांब बांबू स्वतःच्याच वजनाने वाकत राहतो आणि हलका दोर फेकायला त्याच्यात जोर उरत नाही. म्हणून बांबूत खरोखरची हलकी रॉड करायची तर लांबी कापण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन मासेमार ली वुल्फ यांनी 6 फुटी, 2 औंसांच्या आतल्या बांबूच्या काठीने अटलांटिक सामन (सॅल्मन) मासे पकडून दाखवले आणि आखूड काठीला प्रतिष्ठा मिळाली. ते कौशल्य वादातीत. पण त्यातून ‘आखूड काठी जास्त खेळाडू वृत्तीची’ असा जो निष्कर्ष निघाला, तो मात्र ओढूनताणून काढलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आला. स्वस्त, पाण्याने न कुजणारा, पण लवचीक. 7-8 फुटांपर्यंत तो सुरेख वागतो. 9 फुटांच्या पुढे शेंडा जड होऊन डुलू लागतो. त्यामुळे जुना समज आणखी घट्ट झाला.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने दोरांना वजनावरून नंबर दिले. दोराच्या पहिल्या 30 फुटांचे वजन 80 ग्रेन (5.2 ग्रॅम) असेल तर दोन नंबर, 100 ग्रेन तीन, 120 ग्रेन चार, 140 ग्रेन (9.1 ग्रॅम) पाच. तेव्हापासून ‘हलकी रॉड’ म्हणजे हलका दोर फेकणारी रॉड. या नंबराचा लांबीशी काहीही संबंध नाही.

ही फारकत प्रत्यक्षात उतरली ती 1970 च्या दशकात कार्बन फायबरमुळे. वजनाच्या मानाने इतका ताठ पदार्थ मिळाल्यावर 9 फुटी पाच नंबरची रॉड 80-90 ग्रॅममध्ये बसू लागली आणि तीच सर्वसाधारण मानली गेली. पुढे झेक आणि पोलिश स्पर्धकांनी जड निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी बुडणारी माशी) जवळच्या प्रवाहात तळालगत ओढण्याची पद्धत पुढे आणली. तिच्यात पाण्यावर दोर जवळजवळ टेकूच द्यायचा नसतो, म्हणून 10 ते 11 फुटी, पण दोन ते चार नंबरच्या रॉड तयार झाल्या. 2009 पासून जपानबाहेर पसरलेली तेनकारा ही जपानी पद्धत तर रीळच वापरत नाही. तिची काठी साधारण 3.6 मीटरची, दोर शेंड्याला बांधलेला. कॉटनला ती ओळखीची वाटली असती.

आज लांबी ठरवायची ती जागेवरून. डोक्यावर फांद्यांचे छत, ओढा 4-5 मीटर रुंद आणि फेक 20-25 फुटांच्या आत असेल तर साडेसहा ते साडेसात फूट, दोन-तीन नंबर. इथे लीडरही, म्हणजे दोर आणि माशी यांमधला बारीक धागाही, साडेसात फुटांच्या आत ठेवावा. साडेसहा फुटी रॉडवर 9 फुटी लीडर लावला की मासा जाळ्याजवळ येताना दोर-लीडरची गाठ शेंड्याच्या कड्यातून आत शिरते, आणि माशाने शेवटची उसळी घेतली की तिथेच अडकून टिपेट, म्हणजे लीडरचे बारीक टोक, तुटते.

वर मोकळे आकाश, पण मागे कमरेएवढे गवत असेल तर आखूड रॉड उलट त्रास देते. मागे जाणारा दोर खाली राहून गवतात अडकतो. इथे साडेआठ-नऊ फूट बरे. मागे जागाच नसेल आणि रोल कास्टवर, म्हणजे दोर मागे न झुलवता पुढे उलगडणाऱ्या फेकीवर, भागवायचे असेल तरी लांब रॉडचा फायदा होतो, कारण दोराचा मागचा कमानदार फुगा मोठा धरता येतो. वेगवेगळ्या गतीच्या धारा ओलांडून माशी टाकायची असेल तर दोर उचलून वरच्या अंगाला सरकवावा लागतो. तिथे एक फुटाचाही फरक पडतो.

लांब हलक्या रॉडचीही दुखणी आहेत. फेक थांबवल्यावर शेंडा थरथरत राहतो आणि दोरात लाटा उठतात, त्यामुळे पाण्यावर तरंगणाऱ्या (कोरड्या) माशीचा नेम चुकतो. 10 फुटी तीन नंबरच्या रॉडला 80 ग्रॅमचे नाजूक रीळ लावले तर तोल पुढे जातो आणि तासाभरात मनगट भरून येते. रीळ लावून, कड्यांतून दोर ओवून रॉड बोटावर तोलून पाहावी. तोल मुठीच्या पुढच्या टोकापाशी यायला हवा. तो फार पुढे जात असेल तर 30-40 ग्रॅम जड रीळ घेणे हा सरळ उपाय, एकूण वजन वाढले तरी.