पुसल्या जाणाऱ्या खुणा: फिजिओथेरपीच्या अभ्यासात पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी

बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजी (रोगाने शरीरात होणाऱ्या बदलांचा अभ्यास) आणि फार्माकॉलॉजी (औषधांचा अभ्यास) येतात आणि बहुतेक मुलं हे विषय कसेबसे ‘काढतात’. आपल्याला गोळी लिहून द्यायची नाही, काचेवरचा तुकडा पाहून निदान करायचं नाही, मग नेक्रोसिसचे (पेशी मरण्याचे) प्रकार आणि बीटा ब्लॉकरची (हृदयाचा वेग आवरणाऱ्या औषधांची) यादी पाठ कशाला करायची, हा प्रश्न दर बॅचला पडतो. बऱ्याच ठिकाणी एमबीबीएसचाच अभ्यासक्रम थोडा कापून समोर ठेवला जातो, त्यामुळे उत्तरही मिळत नाही. ते उत्तर या व्यवसायाच्या इतिहासात आहे. फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या अंगावरच्या खुणा वाचून काम करतो: सूज किती, दुखतं कुठे, नाडी किती वाढली, दम केव्हा लागला. ज्या औषधांवर आजची ओपीडी चालते, त्यांतली बरीचशी नेमक्या याच खुणा पुसतात.

लंडनमध्ये १८९४ साली परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या चार बायकांनी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅस्यूझेस’ काढली. मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी तेव्हा तिथल्या वैद्यकीय नियतकालिकांतून ओरड सुरू होती. आपलं नाव त्यात जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःला कडक नियम घालून घेतले. डॉक्टरने सांगितल्याशिवाय मसाज करायचा नाही, वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कुठे जाहिरात द्यायची नाही, आणि रुग्णाला औषधं विकायची नाहीत. औषध डॉक्टरचं आणि हात आपला, ही वाटणी तिथून सुरू झाली. अब्रू राखण्यासाठी घातलेली ही मर्यादा पुढे ज्ञानाचीही मर्यादा होऊन बसली, असं मला वाटतं.

पॅथॉलॉजी मात्र या वाटणीत लवकर शिरली, आणि तिला आत आणलं पोलिओने. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो; संवेदना शाबूत राहते. एकाच पायातला एक स्नायू पूर्ण गेलेला आणि शेजारचा ठणठणीत, असं चित्र दिसतं. सगळ्या पायाला सारखंच चोळून इथे काही साधत नव्हतं. म्हणून बॉस्टनचे रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहायक विल्हेल्मिना राइट यांनी १९१०च्या दशकात एकेका स्नायूची ताकद स्वतंत्रपणे तपासायची पद्धत बसवली. आज शून्य ते पाच असे ग्रेड लिहिताना आपण तिचाच वारसा चालवत असतो. मुंबईत १९५२ साली पोलिओची मोठी साथ आली आणि तिच्या पाठोपाठ जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय उभं राहिलं. म्हणजे आपल्याकडे तर या शिक्षणाचा पायाच एका रोगाच्या पॅथॉलॉजीवर घातला गेला.

पोलिओ मागे हटला आणि ओपीडीत मुख्य पाहुणी म्हणून सूज उरली. ही जुनीच ओळख. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या, म्हणजे सुजेच्या, आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था दिल्या आहेत. कच्चा शोथ अज्ञानाने चिरणारा आणि पिकलेल्याकडे काणाडोळा करणारा, दोघांचीही तिथे सारख्याच कठोर शब्दांत हजेरी घेतली आहे. सूज पुढे सरकत जाते आणि उपचार तिच्या पायरीवर ठरतो, हे शस्त्र हातात धरणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं. रोममध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं एकत्र नोंदवली. पाचवं लक्षण म्हणजे त्या भागाचं काम बंद पडणं. पुष्कळ पुस्तकं ते प्राचीन वैद्य गेलनच्या नावावर टाकतात, पण ते बहुधा बर्लिनच्या रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखोने एकोणिसाव्या शतकात जोडलं. व्हायवात (तोंडी परीक्षेत) गेलन म्हटलं तरी मार्क मिळतात. फिजिओच्या दारात मात्र माणूस येतो तो या पाचव्या लक्षणामुळे: जिना उतरता येत नाही, हात मागे जात नाही.

सूज म्हणजे शत्रू की दुरुस्ती, हा वाद अठराव्या शतकापासून रंगला. लष्करात बंदुकीच्या जखमा पाहिलेल्या शल्यचिकित्सक जॉन हंटरने सूज हा रोग नसून शरीराची हितकारक क्रिया आहे असं मांडलं. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७९४ साली आला. फिरखोचा शिष्य युलियस कोनहाइम याने १८६७ साली बेडकाच्या पारदर्शक पडद्यावर सूक्ष्मदर्शक लावला आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतून पांढऱ्या पेशी बाहेर पडताना पाहिल्या. जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफने १८८२ साली इटलीत मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला होता.

यातून आज शिकवतात तो दुरुस्तीचा क्रम तयार झाला. पहिले काही दिवस सूज, नंतरचे दोन-तीन आठवडे नवी ऊती भरण्याचे, आणि त्यापुढे कित्येक महिने, कधी वर्षभर, तिची फेररचना. सुरुवातीला घाईने विणलेलं कच्चं कोलॅजन (ऊतीला बळ देणारं धाग्यांसारखं प्रथिन) पुढे पक्क्या कोलॅजनने बदललं जातं, आणि त्याचे धागे ताण ज्या दिशेने येईल त्या दिशेने रांगेला लागतात. हा ताण मोजून, वेळेवर द्यायचा, एवढंच खरं तर फिजिओचं काम. तो फार लवकर दिला तर विणलेलं फाटतं, फार उशिरा दिला तर सांधा धरतो. दुखणं आणि सूज या दोनच गोष्टी आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते सांगतात, आणि इथेच औषध मध्ये येतं.

एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने १७६३ साली रॉयल सोसायटीला पत्र लिहून विलोच्या सालीची पूड तापावर चालते असं कळवलं. सालीतून सॅलिसिन निघालं, त्यावरून सॅलिसिलिक आम्ल आलं, आणि १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने त्याचं पोटाला जरा सोसवणारं रूप तयार केलं. १८९९पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकलं जाऊ लागलं. जगाने पुढची सत्तर वर्षं ते खाल्लं, पण ते शरीरात काय करतं हे कुणालाच धड माहीत नव्हतं. १९७१ साली जॉन व्हेनने दाखवलं की ते प्रोस्टाग्लॅंडिन तयार होऊ देत नाही. वेदना वाढवणारी हीच रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडातला रक्तप्रवाह टिकवतात. म्हणून पेनकिलरने पोट जळतं. व्हेनला १९८२ साली दोन स्वीडिश संशोधकांबरोबर नोबेल मिळालं. (गुरांना टोचलेल्या, याच गटातल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली हे २००४ साली सिद्ध झालं, आणि भारताने २००६ साली जनावरांसाठीचा त्याचा वापर बंद केला. आपल्या ओपीडीतलं डायक्लोफेनॅक ते हेच.)

ट्रीटमेंट टेबलवर याचा अर्थ साधा आहे. घोटा मुरगळून चार दिवस झालेला मुलगा सकाळी गोळी घेऊन येतो आणि ‘अजिबात दुखत नाही’ म्हणतो. वेदना गेली, लिगामेंट मात्र चौथ्या दिवसाचंच आहे. त्याच्या ‘दुखत नाही’वर विसंबून उड्या मारायला लावल्या तर पुन्हा मुरगळणार. बर्फाचीही गोष्ट अशीच. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हा चार कलमी मंत्र १९७८ साली अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी दिला. २०१४ साली त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती बरं होणं लांबवू शकतात. मुरगळलेल्या पायावर आंबेहळदीचा गरम लेप घालणाऱ्या आज्या अगदीच चुकत होत्या असं नाही. पहिल्याच दिवशी गरम लेप मात्र मी तरी घालणार नाही.

स्टिरॉइडची कथा याहून नाट्यमय आहे. मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांना दिसलं होतं की संधिवाताच्या बायकांचे सांधे गरोदरपणात सुधारतात, आणि कावीळ झालेल्या संधिवाताच्या रुग्णांचेही सुधारतात. शरीरच काहीतरी बनवत असणार, असा त्यांचा तर्क. एडवर्ड केंडल यांनी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून वेगळं काढलेलं एक संयुग सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला टोचलं गेलं, आणि थोड्याच दिवसांत ती चालायला लागली. हे कॉर्टिसोन. दोनच वर्षांत, १९५० साली, नोबेल. मोठ्या डोसांचा हिशोब मागाहून आला: सुजलेला चेहरा, पोकळ हाडं, मांडीच्या आणि खांद्याजवळच्या स्नायूंचा अशक्तपणा. मुंबईत २०२१ साली कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांच्या खुब्यात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याची नोंद झाली, आणि संशयाची सुई उपचारात दिलेल्या स्टिरॉइडकडे गेली. जांघेत दुखतं म्हणून आलेल्या माणसाला ‘कोविडमध्ये ॲडमिट होतात का’ हे विचारायचं सुचतं ते फार्माकॉलॉजी वाचलेल्यालाच.

पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी यांची सगळ्यात चुरशीची गाठ स्नायुबंधात, म्हणजे टेंडनमध्ये पडली. २००४ साली सचिन तेंडुलकरचं कोपर दुखायला लागलं आणि टेनिस एल्बो हे नाव मराठी घराघरांत पोचलं. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षं सर्वसाधारण समज होता की हे कोपराच्या टेंडनची सूज आहे. सूज म्हटलं की गोळी, गोळीने भागलं नाही तर स्टिरॉइडचं इंजेक्शन. पण रॉबर्ट नर्शल यांनी १९७०च्या दशकात अशा कोपरांवर शस्त्रक्रिया करताना काढलेले तुकडे तपासले, तेव्हा सुजेच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. दिसत होते विस्कटलेले कोलॅजनचे धागे आणि अवेळी फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. इटलीत जानकार्लो पुदू यांनी १९७६ साली टाचेच्या टेंडनबद्दल हीच झीज वेगळी काढून दाखवली होती. सूज नाही तर सूज मारून काय मिळणार? झिजलेल्या धाग्यांना हवा होता तो ताण. १९९८ साली स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी टाचेचं जुनं दुखणं असलेल्या १५ हौशी धावपटूंना बारा आठवडे रोज दोनदा, वजन घेऊन टाच हळूहळू खाली सोडायला लावली. दुखलं तरी थांबायचं नाही अशी अट. ते पुन्हा धावू लागले. २०१० साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा टेनिस एल्बोत स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीचे काही आठवडे छान वाटतं, पण सहा महिन्यांनी त्या रुग्णांची अवस्था इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा वाईट असते, असं निघालं. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखालच्या एका काचेपासून सुरू झालं. आजही पोळ्या लाटून कोपर धरलेल्या बायका तिसरं इंजेक्शन घेऊन फिजिओकडे येतात.

टेंडनच्या बाबतीत आणखी एक औषध लक्षात ठेवायला हवं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातल्या प्रतिजैविकांमुळे टेंडन सुजू आणि तुटू शकतं म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ साली त्यांच्या पाकिटावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठी उलटलेली आणि स्टिरॉइड घेणारी माणसं जास्त धोक्यात. लघवीच्या जंतुसंसर्गावर दिलेल्या गोळीमुळे टाच दुखत असेल, हे रुग्ण आपणहून कसं सांगणार?

नाडीची खूण पुसली जेम्स ब्लॅक यांच्या प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकरने, १९६०च्या दशकात. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचं हृदय व्यायामातही ठरावीक वेगापुढे जात नाही, त्यामुळे २२०मधून वय वजा करून काढलेलं नाडीचं लक्ष्य त्याच्यासाठी निरुपयोगी, आणि नाडी तिथवर न्यायचा हट्ट धोक्याचा. त्याच दशकात स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुनार बोर्ग यांनी ‘किती कष्ट वाटतात’ हे माणसालाच विचारून ६ ते २० अंक देण्याची पट्टी घडवली. आकड्याला दहाने गुणलं की निरोगी माणसाची अंदाजे नाडी यावी, म्हणून ती सहापासून सुरू होते. हृदयविकारानंतरच्या व्यायामात ही पट्टी पुढे कामी आली, कारण नाडीवर औषधाचा हात होता.

कंपवाताच्या लेव्होडोपाचा मुद्दा वेळेचा. ज्या खाजकुइलीच्या शेंगेला हात लागला की अंग खाजतं, तिच्या बियांतून हे द्रव्य १९३७ साली मद्रासमध्ये वेगळं काढलं गेलं होतं. कंपवातावर मोठ्या डोसात ते १९६०च्या दशकात वापरात आलं. गोळीचा अंमल असताना चालणारा माणूस आणि अंमल उतरल्यावर जागीच थिजलेला माणूस एकच असतो, म्हणून चालण्याच्या नोंदीशेजारी गोळीची वेळ लिहिलेली हवी. तसंच इन्सुलिनचं: मांडीत टोचून लगेच सायकलवर बसवलं तर ते वेगाने रक्तात उतरतं आणि साखर कोसळते.

१८९४चा नियम ब्रिटनमध्ये २०१३ साली पुरता उलटला. तिथे जादा प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टना स्वतःच्या सहीने औषध लिहिण्याचा हक्क मिळाला. भारतात २०२१च्या कायद्याने फिजिओथेरपीला राष्ट्रीय आयोगाच्या छत्राखाली आणलं. प्रिस्क्रिप्शन अजून डॉक्टरचंच आहे. तरी अल्ट्रासाऊंडचा उपचार देताना साध्या जेलऐवजी डायक्लोफेनॅकचं जेल लावून मशीनचं डोकं फिरवलं की त्वचेतून जातं ते औषधच. दमेकऱ्यांमधल्या काहींना या गटातलं औषध चालत नाही, झटका येतो. तेव्हा ट्यूब उघडायच्या आधी दमा आहे का, पेनकिलरने कधी श्वास अडकला होता का, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे फिजिओनेच विचारायचं आणि केसपेपरवर लिहायचं.