मानसशास्त्रातला ‘वंश’ : एका वादाची पार्श्वभूमी

मानसशास्त्राच्या संशोधनात माणसांचा ‘वंश’ हा रकाना वापरावा की नाही, या वादाचं मूळ पाहायचं तर पहिल्या महायुद्धाकडे जावं लागतं. १९१७ मध्ये रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लष्करात बुद्धिमत्ता चाचण्या सुरू केल्या आणि १७ लाखांहून अधिक जणांना त्या द्यायला लावल्या. या आकड्यांवर प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष : उत्तर युरोपातले ‘नॉर्डिक’ सर्वांत बुद्धिमान, दक्षिण आणि पूर्व युरोपातले त्याखाली, कृष्णवर्णीय सर्वांत खाली.

पण त्यांच्याच तक्त्यांत एक अडचण होती. स्थलांतरित माणूस अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिलेला, तितके त्याचे गुण जास्त. वीस वर्षं काढलेले तर तिथेच जन्मलेल्यांच्या जवळपास बरोबरीला. चाचणी भाषेची आणि तिथल्या जगण्याच्या सवयीची होती, हे यावरून कळायला हवं होतं. ब्रिगहॅमनी अर्थ काढला तो असा, की आधी आलेल्यांत नॉर्डिक रक्त जास्त होतं! मला हे सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं. पुरावा समोर होता, पण वंश हे उत्तर आधीच ठरलेलं होतं. पुस्तकाच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक कोटा लागला. त्यात या पुस्तकाचा वाटा किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

१९३० मध्ये ब्रिगहॅमनी आपला अभ्यास निराधार असल्याचं स्वतः छापून मान्य केलं. १९३५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑटो क्लाइनबर्ग यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातून न्यू यॉर्कला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण तपासले. तिथेही शहरात काढलेल्या वर्षांबरोबर गुण वाढत होते.

तरीही १९६९ मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी वंशांमधल्या बुद्ध्यांकाच्या फरकामागे आनुवंशिकता असू शकते, हा मुद्दा पुन्हा मांडला. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी दाखवलं, की माणसांतली सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकेका लोकसमूहाच्या आतच असते. बुद्ध्यांकाच्या प्रश्नाला ते थेट उत्तर नव्हतं, पण वंशांना जीवशास्त्रीय गट मानण्याचा पाया त्याने डळमळला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने वंशभेदातल्या आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली. वाद मात्र चालूच आहे. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हेल्म्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये म्हटलं होतं, की वंशाचा रकाना ‘कारण’ म्हणून वापरणं थांबवा. त्यामागे जे मोजायचं आहे, ते थेट मोजा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, रकानाच काढला तर भेदभावाने कुणाचं किती नुकसान झालं, हे दाखवायचं कसं?