वेल्समधली दोन ‘लिव्हिंग वेज’: एक कायद्याची, एक हिशेबाची

कार्डिफ किंवा स्वान्सीत नोकरीच्या जाहिरातीत ‘आम्ही लिव्हिंग वेज देतो’ असं वाचलं, तर लगेच विचारायचं: नॅशनल की रिअल? नावं जुळ्या भावांसारखी असली, तरी एकाच घरातली नाहीत.

आपल्याकडे हा फरक शब्दांतच दिसतो. किमान वेतन आधी 1948च्या आणि आता 2019च्या वेतन संहितेच्या कायद्यातलं, तर निर्वाह वेतन (म्हणजेच ‘लिव्हिंग वेज’) राज्यघटनेच्या 43व्या अनुच्छेदातलं. पहिलं मालकाला द्यावंच लागतं, दुसरं राज्याने गाठायचं उद्दिष्ट. ब्रिटनमध्ये गोंधळ झाला, कारण तिथे किमान वेतनालाच निर्वाह वेतनाचं नाव दिलं गेलं. पूर्व लंडनमधल्या लोकांनी 2001मध्ये ‘लिव्हिंग वेज’ची चळवळ सुरू केली होती. 2015च्या जुलैमध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी अर्थसंकल्पात तेच नाव उचललं आणि एप्रिल 2016पासून 25 वर्षांवरच्यांच्या किमान वेतनाला ते लावलं. दर होता ताशी 7.20 पौंड. मग चळवळीला आपल्या दरापुढे ‘रिअल’ जोडावं लागलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं तेव्हा म्हणता आलं असतं. आज तितकं कठोर बोलणं अन्यायाचं होईल, कारण सरकारी दर तेव्हापासून बराच वर सरकला आहे.

नॅशनल लिव्हिंग वेज एप्रिल 2026पासून ताशी 12.71 पौंड आहे. तो देणं बंधनकारक. लो पे कमिशन ही सरकारला वेतनाबाबत सल्ला देणारी संस्था शिफारस करते आणि ती करताना देशातल्या मधल्या, म्हणजे मीडियन पगाराशी तुलना करते. त्याच्या दोन-तृतीयांशाखाली दर जाऊ द्यायचा नाही. तेवढ्यात घर चालतं का, हा प्रश्न त्या गणितात थेट येत नाही. रिअल लिव्हिंग वेज मात्र तिथूनच सुरू होतो: भाडं, किराणा, काउन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर), पाळणाघर यांचा खर्च मांडून दर काढला जातो. लंडन वगळता सध्या तो 13.45 पौंड आहे. तो ऐच्छिक आहे. वेल्समध्ये कनल कमरी ही संस्था तो देणाऱ्यांना मान्यता देते.

74 पेन्सचा फरक किरकोळ वाटेल. आठवड्याला साडेसदतीस तास धरले, तर वर्षाला 1,443 पौंड होतात. आणि एकोणीस वर्षांच्या मुलीचं बघा. नॅशनल दर 21 वर्षांनंतरचा; 18 ते 20 वयाला कायदा फक्त 10.85 पौंड देतो. रिअल दर 18 पूर्ण झाले की लागू. तिच्यासाठी तोच फरक वर्षाला 5,070 पौंड. भाडं तर वय विचारून ठरत नाही.

आता वेल्सचं सरकार. त्याला यातला पहिला दर एका पेनीनेही वाढवता येत नाही. किमान वेतन, कामगार कायदे आणि बहुतेक कल्याणकारी भत्ते वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेच्या आणि सरकारच्या हातात. 2020पर्यंत बालदारिद्र्य संपवण्याचं लक्ष्य वेल्स सरकारने 2016मध्ये सोडलं, त्यामागे हेही कारण होतं. आजही वेल्समधल्या दहापैकी सुमारे तीन मुलांच्या घरी गरिबी आहे, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी कमावतं आहे.

मग वेल्स सरकारकडे उरते ती थैली. कायदा करता येत नाही, पण पैसा कोणत्या अटीवर द्यायचा हे ठरवता येतं. एप्रिल 2022पासून वृद्धाश्रमांतल्या आणि घरोघरी जाऊन सेवा करणाऱ्या केअर कर्मचाऱ्यांना रिअल दर मिळावा म्हणून सरकारने 4.3 कोटी पौंड दिले. ते नगरपालिका आणि आरोग्य मंडळांमार्फत खासगी केअर कंपन्यांकडे गेले. 2023मध्ये सामाजिक भागीदारी आणि सरकारी खरेदीचा कायदा आला, त्यातही रास्त कामाचा आग्रह आहे. कार्डिफ काउन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, तर 2012पासूनच रिअल दर देणारी म्हणून मान्यताप्राप्त आहे. माझ्या मते यातला केअरचा निर्णय सर्वांत ठोस, कारण तिथला पगार अखेर सार्वजनिक पैशातूनच निघतो. खासगी कॅफेमधल्या वेटरपर्यंत ही थैली पोचत नाही.

पगारवाढ म्हणजे गरिबी हटणं, हे समीकरणही जपून मांडावं. आयकर भरणारी आणि युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) घेणारी आई एक पौंड जास्त कमावते, तेव्हा कर आणि सरकारी विम्याचा हप्ता कापून 72 पेन्स उरतात. मग उरलेल्यावर 55 टक्के दराने भत्ता घटतो आणि हातात जेमतेम 32 पेन्स पडतात.

शिवाय दोन्ही दर ताशी आहेत. आठवड्यात तास किती मिळणार, हे दोन्हींपैकी कुणीच सांगत नाही. ऱ्होंड्डाच्या खोऱ्यातल्या केअर कर्मचाऱ्याला 13.45चा दर मिळूनही बारा तासांचंच काम मिळालं, तर आठवड्याला 161 पौंड. म्हणूनच रिअलवाल्यांनी ‘लिव्हिंग अवर्स’ ही वेगळी मान्यता सुरू केली: आठवड्याला किमान 16 तासांची हमी आणि पाळ्यांची निदान चार आठवडे आधी सूचना.