यारलुंग खोरे ते पोताला: तिबेटच्या राजांची आणि मठांची पार्श्वभूमी

तिबेट सहलीचा छापील कार्यक्रम साधारण एकाच साच्यातला असतो. ल्हासात उतरायचे, एक दिवस विश्रांती, मग पोताला राजवाडा आणि जोखांग मंदिर, त्यानंतर सेरा आणि द्रेपुंग हे मठ, शेवटी ग्यांत्से आणि शिगात्से. इतिहास मात्र या क्रमाने घडलेला नाही. आज दिसणारा पोताला १७व्या शतकातला आहे. जोखांग त्याच्या हजार वर्षे आधीचे. ज्या खोऱ्यातून तिबेटचे राजघराणे उदयाला आले, ते यारलुंग बहुतेक कार्यक्रमांत शेवटी चिकटवलेले असते किंवा मुळीच नसते. खरे तर ल्हासाचा गोंगकर विमानतळ यारलुंगच्याच ल्होका जिल्ह्यात, त्सांगपो नदीच्या दक्षिण काठावर आहे. आपल्याकडे जिला ब्रह्मपुत्रा म्हणतात, तीच ही नदी. विमानतळावरून थेट त्सेतांगला जाता येते. त्सेतांगची उंची सुमारे ३,५५० मीटर, म्हणजे ल्हासापेक्षा शंभरेक मीटर कमी. पहिल्या दोन रात्री तिथे काढल्या तर शरीरालाही सोयीचे आणि इतिहासाचा क्रमही जुळतो.

राजांचा इतिहास बघायला निघालेल्या माणसाची पहिली निराशा ठरलेली असते, कारण राजवाडे उरलेले नाहीत. सातव्या ते नवव्या शतकांत मध्य आशियापर्यंत पोचलेल्या या साम्राज्याचे राजे बराच काळ तंबूंच्या छावण्यांत फिरत राज्य करत. मागे राहिली ती त्यांनी बांधलेली देवळे, त्यांच्या मातीच्या समाधी आणि त्यांनी उभारलेले कोरीव शिलास्तंभ. त्यातही शिलास्तंभ सर्वांत मोलाचे, कारण तो मजकूर त्याच काळातला आहे. दुसरा भरवशाचा पुरावा वायव्य चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहेत सापडलेल्या जुन्या तिबेटी हस्तलिखितांचा. ती गुहा ११व्या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि १९०० साली उघडली, त्यामुळे त्या नोंदींवर नंतरच्या काळातले संस्कार झालेले नाहीत. तिसरा थर १२व्या शतकापासून पुढे लिहिलेल्या धर्मग्रंथांचा. त्यांत राजे बोधिसत्त्वांचे अवतार होतात आणि राण्या तारादेवीची रूपे. मार्गदर्शक सांगतात त्या बहुतेक कथा या तिसऱ्या थरातल्या असतात. त्या ऐकाव्यात जरूर, कारण भित्तिचित्रे त्यांच्याशिवाय उलगडत नाहीत. पण कोणती गोष्ट कोणत्या थरातली, हे आपल्याला ठाऊक असावे.

त्सेतांगपासून बारा-एक किलोमीटरवर, डोंगराच्या सोंडेवर युंबुलाखांग आहे. न्यात्री त्सेंपो हा पहिला राजा आकाशातून दोरावरून उतरला आणि त्याच्यासाठी ही वास्तू बांधली गेली, अशी परंपरा आहे. काही तिबेटी इतिहासग्रंथ तर त्याला भारतातून परागंदा झालेला राजपुत्र ठरवतात, अगदी महाभारत युद्धाशी नाते जोडून. तिबेट बौद्ध झाल्यावर राजवंशाचे मूळ बुद्धाच्या देशात शोधण्याची ओढ त्यामागे दिसते. आज उभी असलेली इमारत मात्र १९८०च्या दशकात पुन्हा बांधलेली आहे, जुनी चीनच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात उद्ध्वस्त झाली. इथे थांबायचे ते खोरे पाहण्यासाठी. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर आणि मधोमध बार्लीची सुपीक पट्टी. राज्य इथूनच का उभे राहिले, हे वरून पाहताना लगेच कळते.

त्याच आकाशदोराच्या कथेचा पुढचा भाग चोंग्ये इथे, त्सेतांगच्या दक्षिणेस सुमारे २८ किलोमीटरवर दिसतो. आठव्या राजाच्या वेळी दोर तुटला, म्हणून राजांचे देह पृथ्वीवर राहू लागले आणि समाधी बांधाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. प्रत्यक्षात इथे मातीचे थर ठोकून रचलेले प्रचंड ढिगारे आहेत. सोंगत्सेन गाम्पो या राजाचा मानला जाणारा ढिगारा नदीजवळ असून त्याच्या माथ्यावर छोटे देऊळ आहे. अनेकजण फक्त तेवढेच बघून परततात. हे ढिगारे पायथ्यावरून नुसत्या टेकड्याच वाटतात, म्हणून थोडे वर चढून पाहावे, तरच त्यांची मांडणी लक्षात येते. त्रिदे सोंगत्सेन या नंतरच्या राजाच्या समाधीजवळचा कोरीव स्तंभही चुकवू नये. साम्राज्य कोसळल्यावर नवव्या-दहाव्या शतकातल्या बंडाळीत या समाधी लुटल्या गेल्या.

सोंगत्सेन गाम्पो सातव्या शतकातला. त्याचे निधन ६४९च्या अखेरीचे किंवा ६५०चे मानतात. विखुरलेल्या टोळ्या एकत्र करून त्याने सत्तेचे केंद्र ल्हासाकडे नेले, आणि भारतीय लिपीच्या आधारे तिबेटी लिपी त्याच्याच काळात तयार झाली. परंपरा हे श्रेय भारतात शिकून आलेल्या थोन्मी संभोट या मंत्र्याला देते. नेपाळची भृकुटी आणि चीनच्या तांग दरबाराची वेनचेंग या त्याच्या दोन राण्यांच्या कथा जोखांगच्या भिंतींवर पदोपदी भेटतात. वेनचेंग ६४१ साली तिबेटात आली, याची नोंद तुनहुआंगच्या कागदांत आहे. भृकुटीचे नाव त्यांत नाही, त्यामुळे काही इतिहासकार तिच्याबद्दल साशंक आहेत. मात्र जोखांगचे मुख पश्चिमेला, नेपाळच्या दिशेने आहे आणि आतल्या जुन्या लाकडी खांबांवर, तुळयांवर नेपाळच्या नेवार कारागिरांचा हात स्पष्ट दिसतो. हल्ली ल्हासात वेनचेंगची कथा फार ठसवून सांगितली जाते. तिच्यासोबत नेपाळची बाजूही मार्गदर्शकाकडून आवर्जून काढून घ्यावी. वेनचेंगने आणलेली मानली जाणारी जोवो शाक्यमुनींची मूर्ती आज जोखांगच्या गर्भगृहात आहे. तिथे सकाळी भाविकांची रांग असते आणि सहलींना बहुधा दुपारची वेळ मिळते. दोन्ही वेळा साधता आल्या तर उत्तम.

जोखांगसमोर दोन स्तंभ भिंतीआड उभे आहेत आणि हमखास त्यांची गल्लत होते. ज्यावर लोकांनी घासून घासून वाटीसारखे खळगे पाडले आहेत, तो १७९४चा, देवी रोगाच्या साथीबद्दलचा. उंच, सडपातळ आहे तो तिबेट आणि तांग यांच्या ८२१-८२२च्या तहाचा. ८२३ साली उभारलेल्या या स्तंभावर तिबेटी आणि चिनी अशा दोन्ही भाषांत कोरले आहे की तिबेटी तिबेटात सुखाने राहावेत आणि चिनी चीनमध्ये. राजा होता रल्पाचेन. सगळ्या सहलीत एकच शिलालेख नीट पाहायचा, तर हा पाहावा.

रल्पाचेनच्या आधीचा त्रिसोंग देत्सेन हा या घराण्याचा सर्वांत बलवान राजा. ७६३ साली त्याच्या फौजांनी तांग राजधानी चांगआन घेतली आणि सुमारे पंधरा दिवस ताब्यात ठेवली. त्या मोहिमेतल्या सेनानीचा गौरव करणारा स्तंभ पोतालाच्या पायथ्याशी आहे. पोताला पाहायच्या घाईत बहुतेकजण त्याच्यावरून नजरही न टाकता पुढे जातात. याच राजाने नालंदा परंपरेतल्या शांतरक्षितांना बोलावले, त्यांच्या सांगण्यावरून पद्मसंभवांना आणवले आणि त्सांगपोच्या उत्तर काठावर साम्ये हा तिबेटचा पहिला मठ उभारला. बांधकाम साधारण ७७५ ते ७७९ या काळातले.

साम्येला निदान अर्धा दिवस द्यावा, आणि आत शिरण्याआधी शेजारच्या हेपोरी टेकडीवर चढावे. वरून आराखडा स्वच्छ दिसतो. मधोमध उत्से हे मुख्य मंदिर म्हणजे मेरू पर्वत, चार दिशांना चार द्वीपांची देवळे, त्यांच्या आजूबाजूला आठ उपद्वीपांची, सूर्य-चंद्राची दोन, चार कोपऱ्यांत पांढरा, लाल, काळा आणि हिरवा असे चार छोर्तेन म्हणजे स्तूप, आणि सर्वांभोवती गोल तट. हा नमुना बिहारमधल्या ओदंतपुरी महाविहाराचा, असे तिबेटी ग्रंथ सांगतात. ओदंतपुरी पुढे नामशेष झाले, म्हणून भारतीय वाचकासाठी साम्येचे महत्त्व दुहेरी आहे. उत्सेच्या पूर्व दारापाशी, आत जाताना डाव्या हाताला, त्रिसोंग देत्सेनचा शिलास्तंभ आहे. बौद्ध धर्माचा आश्रय राजघराण्याने कधीही सोडू नये, अशी शपथ त्यावर कोरलेली आहे. इथेच पहिल्या सात तिबेटी भिक्षूंना दीक्षा मिळाली. ७९०च्या दशकात शांतरक्षितांचे शिष्य कमलशील आणि महायान नावाचा चिनी भिक्षू यांच्यात बोध क्रमाक्रमाने होतो की एकाएकी, यावर वाद झाला. तिबेटी परंपरेनुसार राजाने कौल कमलशीलांना दिला. आगी, भूकंप आणि सांस्कृतिक क्रांती यांतून साम्ये अनेकदा मोडले आणि पुन्हा उभे राहिले. आराखडा आठव्या शतकातला, इमारत मात्र बरीचशी नवी, अशा नजरेने ते पाहावे.

रल्पाचेननंतर आलेला लांगदर्मा ८४२ साली एका भिक्षूच्या हातून मारला गेला, असे परंपरा सांगते, आणि साम्राज्य फुटले. वंशजांपैकी एक शाखा पश्चिम तिबेटातल्या ङारी भागात गेली. तिच्यातून गुगे-पुरंग, लडाख आणि झंस्कार-स्पिती ही राज्ये निघाली. गुगेच्या येशे-ओ राजाने ९९६ साली थोलिंग मठ स्थापला, स्पितीतला ताबो मठही त्याच काळातला. त्याच घराण्याने विक्रमशिलेच्या अतिश दीपंकरांना १०४२ साली तिबेटात आणले. कैलास-मानसरोवर यात्रेत लिपुलेख खिंडीतून जाणारे यात्रेकरू तकलाकोटला मुक्काम करतात, तो भाग म्हणजे हेच जुने पुरंग. गुगेच्या त्सापारंग राजधानीत १६२४ साली अंतोनियु द अंद्राद हा जेझुइट पाद्री पोचला. पुढे तो गोव्यात जेझुइटांचा प्रांतप्रमुख झाला आणि १६३४ साली तिथेच विषप्रयोगाने वारला. गुगे मात्र त्याआधीच, १६३० साली, लडाखच्या सेंगे नामग्यालने जिंकून घेतले होते.

मध्य तिबेटात पुन्हा सत्ता उभी राहिली ती राजाच्या नव्हे, मठाच्या नावावर. १०७३ साली स्थापन झालेल्या साक्या मठाच्या लामांनी १३व्या शतकात मंगोलांशी संधान बांधले. त्यांच्यातला फाग्पा हा कुब्लाई खानाचा राजगुरू झाला आणि तिबेटचा कारभार साक्याकडे आला. साक्याचा दक्षिण मठ १२६८चा, किल्ल्यासारख्या जाड भिंतींचा, आणि मध्य तिबेटात इतका टिकलेला जुना मठ विरळाच. २००३ साली आतल्या एका भिंतीआड हजारो ग्रंथ आढळले. राहुल सांकृत्यायन यांना १९३०च्या दशकात भारतातून लुप्त झालेल्या संस्कृत ताडपत्र पोथ्या मिळाल्या, त्याही याच परिसरातल्या साक्या, ङोर आणि शालू मठांत. उंची सुमारे ४,३०० मीटर असल्याने साक्या कार्यक्रमाच्या उत्तरार्धातच ठेवावे.

साक्यानंतर फाग्मोद्रू, रिनपुंग आणि त्सांग अशी घराणी एकामागून एक आली. ग्यांत्सेचा कुंबुम स्तूप हा १५व्या शतकातल्या एका स्थानिक राजाने बांधवला. त्याच्या शेकडो भित्तिचित्रांपैकी बहुतेक मूळची आहेत आणि कित्येकांखाली दात्यांची, चित्रकारांची नावे लिहिलेली आहेत. तिबेटी कलेत हे दुर्मिळ. देवळ्या काळोख्या आहेत, मोबाइलच्या उजेडाने भागत नाही, चांगली टॉर्च हवी. याच शतकाच्या आसपास त्सोंगखापांच्या गेलुग पंथाचे मोठे मठ झाले: गांदेन १४०९, द्रेपुंग १४१६, सेरा १४१९, शिगात्सेचा ताशिल्हुंपो १४४७.

१६४२ साली मंगोल सरदार गुश्री खानाने त्सांगच्या राजाचा पाडाव करून सत्ता पाचव्या दलाई लामांकडे सोपवली. त्यांचा जन्म १६१७ साली चोंग्येत झाला, त्याच राजसमाधींच्या गावात. १६४५ साली त्यांनी पोतालाचे बांधकाम सुरू केले तेही सोंगत्सेन गाम्पोच्या जुन्या वास्तूची जागा मानलेल्या टेकडीवर. प्राचीन राजवंशाचा वारसा आपल्याकडे आहे, हे दाखवण्यासाठी याहून नेमकी जागा नव्हती. ते १६८२ साली वारले. त्यांचे दिवाण सांग्ये ग्यात्सो यांनी मृत्यूची बातमी सुमारे पंधरा वर्षे दडवली, आणि मधल्या काळात, १६९४ साली, पोतालाचा लाल महाल पुरा झाला. आत त्यांचा सोन्याने मढवलेला स्तूप आहे. लाल महालातलीच धर्मराजाची, म्हणजे सोंगत्सेन गाम्पोची, गुहा पोतालातली सर्वांत जुनी जागा मानली जाते. आत साधारण एका तासाचीच मुभा असते आणि वाट एकेरी असते, मागे फिरता येत नाही. म्हणून गुहा आणि स्तूप या दोन ठिकाणी किती वेळ थांबायचे, ते मार्गदर्शकाशी आधी ठरवावे. पायऱ्या पुष्कळ आहेत, ल्हासात पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या चढू नयेत.

कार्यक्रमात बदल हवे असतील तर ते परवान्यासाठी कागदपत्रे देण्याआधीच सांगावे लागतात. परदेशी पर्यटकाला चीनच्या व्हिसाबरोबरच तिबेट प्रवास परवानाही वेगळा लागतो, तो नोंदणीकृत संस्थेमार्फतच मिळतो, आणि मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही. ल्होका, शिगात्से अशा ल्हासाबाहेरच्या भागांसाठी आणखी स्थानिक परवाना असतो. यादीत नसलेले ठिकाण वाटेत सहज जोडता येत नाही. चोंग्ये आणि साम्ये राहून जातात ते बहुधा याच कारणाने. चिनी लेखनात त्सेतांगचे झेदांग, ल्होकाचे शाननान आणि शिगात्सेचे रिकाझे होते, हे यादी तपासताना ध्यानात ठेवावे. फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर तिबेट परदेशी पर्यटकांना बहुधा बंद असते. दलाई लामांचे छायाचित्र किंवा पुस्तक सोबत नेऊ नये. त्याचा त्रास आपल्यापेक्षा तिथल्या मार्गदर्शकाला आणि मठातल्या भिक्षूंना अधिक होतो.

क्रम जमवायचा तर त्सेतांगला दोन रात्री, तिथून चोंग्ये, युंबुलाखांग आणि साम्ये, मग ल्हासात किमान तीन दिवस, शेवटी ग्यांत्से, शिगात्से आणि साक्या. ग्यांत्सेच्या जुन्या रस्त्यावर कंबा ला ही खिंड सुमारे ४,७९० मीटरवर आणि कारो ला ही खिंड सुमारे ५,००० मीटरवर आहे, तोवर शरीर विरळ हवेला सरावलेले असते. गुगे या वाटेत बसत नाही. ङारीसाठी लष्करी परवाना आणि निदान आठवडाभर अधिक धरावा लागतो.