चायनाटाउन जागेवरच का राहिलं?

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनात, म्हणजे चिनी वस्तीत, ग्रँट अव्हेन्यूवर पर्यटक ज्या पॅगोड्यांसमोर फोटो काढतात, ते १९०६च्या आधी तिथे नव्हते. तेव्हा हा रस्ता ड्युपाँट स्ट्रीट होता आणि चिनी माणसं बहुतेक गोऱ्या मालकांच्या साध्या विटांच्या इमारतींत भाड्याने राहत होती. चिनी म्हणाल तर कंदील, दुकानांच्या पाट्या आणि रंगवलेले सज्जे. आजचं रूप आलं ते भूकंपानंतर, वस्ती हुसकावली जाऊ नये म्हणून केलेल्या खटपटीतून. पण हुसकावण्याची इच्छा भूकंपाने निर्माण केली नव्हती.

सोन्याच्या शोधात आणि पुढे रेल्वेच्या कामावर चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातली माणसं कॅलिफोर्नियात आली. मजुरांची गरज होती तोवर ती खपून गेली. १८७०च्या दशकात मंदी आली आणि ‘चिन्यांना हाकला’ ही निवडणुकीची घोषणा झाली. जुलै १८७७मध्ये जमावाने चिनी लाँड्र्या फोडल्या. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाचं दार बंद झालं आणि जे आत होते त्यांना नागरिकत्व नाकारलं. १८९०मध्ये शहराने वस्ती उठवण्याचा फतवा काढला. न्यायालयाने तो रद्द केला.

१९००मध्ये चायनाटाउनात प्लेगचा रोगी सापडला, तेव्हा सगळ्या वस्तीला वेढा पडला. वेढ्याची रेघ मात्र गोऱ्यांची दुकानं टाळून वळवलेली होती. सक्तीने टोचायची लस हाफकिनची, म्हणजे तीनच वर्षांपूर्वी मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार झालेली. पुण्याचा प्लेग आणि रँड ज्यांना आठवतो, त्यांना चिन्यांचा संताप वेगळा समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की इथे वस्ती कोर्टात गेली आणि वेढा व सक्तीची लस, दोन्ही बाबतींत जिंकली. वकील लावायचा, निकाल मिळवायचा, ही सवय तिला अशी लागली होती.

१८ एप्रिल १९०६ला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला. पाण्याचे नळ फुटले, आणि आग अडवायला सुरुंग लावून इमारती उडवल्या तर त्यानेच नव्या आगी लागल्या. शहरातल्या सुमारे २८,००० इमारती गेल्या. चायनाटाउन जवळजवळ पूर्ण जळालं. चिनी निर्वासितांची छावणी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवली जात होती, कारण आसपासच्या रहिवाशांना शेजार नको होता. शेवटी त्यांना लष्कराच्या प्रेसिडिओ तळाच्या कडेला नेऊन ठेवलं. बरेच जण खाडी ओलांडून ओकलंडला गेले. इकडे त्यांच्या घरांच्या राखेतून चिनीमाती आणि पितळेच्या वस्तू उकरून नेणाऱ्यांत सभ्य घरांतली माणसं होती, बंदोबस्ताचे शिपाईसुद्धा होते.

शहर अजून धुमसत असतानाच मेयर श्मिट्झ यांच्या गोटात ठरलं, की चायनाटाउन आता हंटर्स पॉइंटला न्यायचं. ती जागा शहराच्या आग्नेय टोकाला, दलदल आणि कत्तलखान्यांच्या बाजूला. मूळ वस्ती मात्र व्यापारी पेठेला लागून, अगदी मोक्यावर. सूज्ञास सांगणे न लगे.

बेत फसला, आणि माझ्या मते त्यात दयेचा वाटा फार थोडा होता. चिनी वकिलातीने गव्हर्नरांना बजावलं, की वस्तीतली एक जागा आमच्या सरकारच्या मालकीची आहे आणि वकिलात आम्ही तिथेच बांधणार. आदल्याच वर्षी चीनमधल्या शहरांनी अमेरिकी मालावर बहिष्कार घातला होता, त्यामुळे पौर्वात्य व्यापार सिॲटलसारख्या बंदरांकडे जाण्याची धास्ती व्यापाऱ्यांना होतीच. ‘चुंग साइ यात पो’ हे चिनी दैनिक ओकलंडहून छापलं जात होतं. परत या, बांधायला घ्या, असं ते वाचकांना सांगत राहिलं. आणि गोरे घरमालक? चिनी भाडेकरू इतरांपेक्षा जास्त भाडं देत. ते गेल्यावर तेवढं कोण देणार? काही महिन्यांत वस्ती हलवण्यासाठी नेमलेल्या समितीने नाद सोडला.

इथे लुक टिन ईलाय या व्यापाऱ्याचं डोकं कामाला आलं. त्याचा जन्म कॅलिफोर्नियातच मेंडोसिनोचा. मुलगा असताना चीनहून परतला तर बंदरात अडवला गेला. १८८४मध्ये न्यायालयाने तो जन्माने नागरिक असल्याचा निकाल दिला. ज्या वस्तीला शहर घाण म्हणतं, ती पाहायला लोक पैसे मोजून आले तर तिला उठवणार कोण, हा त्याचा हिशेब. रॉस आणि बर्ग्रेन या गोऱ्या वास्तुरचनाकार-अभियंत्यांच्या जोडीकडून कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या चौकात सिंग चाँग आणि सिंग फॅट या इमारती उभ्या राहिल्या: आत अमेरिकी पोलादाचा सांगाडा, वर पॅगोड्याचा मुकुट. बाकीच्यांनी कित्ता गिरवला. १९०९च्या टेलिफोन एक्स्चेंजलाही तीन मजली छपरं चढली. आत फोन जोडून देणाऱ्या मुलींना ग्राहकांची नावं तोंडपाठ असत, कारण लोक नंबर नव्हे, नाव सांगत. ही वास्तुकला नाटकी आहे हे खरंच. पण ज्यांना दुसऱ्या कुठल्याही रूपात तिथे राहू दिलं नसतं, त्यांनी केलेलं ते नाटक आहे.

आगीत सिटी हॉलमधलं जन्मनोंदींचं दप्तरही जळलं. मग कितीतरी चिनी पुरुषांनी सांगितलं, आमचा जन्म इथलाच. १८९८च्या वाँग किम आर्क खटल्यामुळे इथे जन्मलेला तो नागरिक, हे ठरलेलं होतं. जुन्या चायनाटाउनात बायका इतक्या थोड्या होत्या, की एवढे जन्म होणं कठीण. अधिकाऱ्यांना हे कळत होतं. खोडून काढायला कागद नव्हता. नागरिकाचा चीनमधला मुलगाही नागरिक, म्हणून चीनच्या दर फेरीनंतर नवे मुलगे नोंदवले जात आणि त्या जागा नात्यातल्यांना, गाववाल्यांना, कधी पैसे मोजणाऱ्या परक्यांना मिळत. हेच ते ‘कागदी मुलगे’.

सरकारने १९१०मध्ये खाडीतल्या एंजल आयलंड बेटावर, देशात येणाऱ्यांना तपासायला ठाणं उघडलं. तिथे उलटतपासणी चाले: घराला पायऱ्या किती, विहीर कुठे, तांदळाची कणगी कोणत्या भिंतीला. बोटीत उत्तरं घोकायची आणि किनारा दिसला की वही समुद्रात फेकायची.

बंदीचा कायदा १९४३मध्ये, चीन युद्धात मित्रराष्ट्र असताना, रद्द झाला. वर्षाला १०५ जणांचा कोटा मिळाला. १९५६पासून सरकारने कागदी मुलग्यांकडून कबुलीजबाब घ्यायला सुरुवात केली. काहींनी मूळ आडनाव परत घेतलं, काही गप्प राहिले, आणि काही घराण्यांत दप्तरातलं एक व घरातलं एक अशी दोन आडनावं अजून चालतात.